काँक्रीट ब्लॉकची भिंत : सामानाचा अंदाज कसा काढावा

शेतकऱ्यास बांधकामाचा प्रसंग वरचेवर येत नाहीं. दहा-पंधरा वर्षांतून एकदां कोठी, गोठा किंवा अवजारांचें घर बांधावें लागतें, आणि त्या वेळीं सामान किती लागेल हा प्रश्न तो बहुधा गवंड्यास विचारतो. गवंडी "हजार ब्लॉक आणि पन्नास गोण्या आणून टाका" असें ठोक उत्तर देतो. हें उत्तर कधीं कधीं बरोबरही असतें. परंतु तें बरोबर कीं चूक हें काम अर्धें झाल्यावांचून मालकास कळत नाहीं. सामान कमी पडलें तर मृगाच्या तोंडावर भिंत उघडी राहते व फुटकळ खरेदी चढ्या भावानें करावी लागते. जास्त झालें तर उरलेल्या गोण्या पावसाळ्यांत दगड होऊन बसतात. बियाणें व खत यांचा एकरी हिशेब जो स्वतः करतो, त्यास हा हिशेब मुळींच अवघड नाहीं. त्याची रीत एका प्रत्यक्ष मापाच्या कोठीवरून येथें दाखवितों.

प्रथम ब्लॉकचें माप पाहावें. बाजारांत "सोळा बाय आठ बाय आठ" या नांवानें मिळणारा ब्लॉक सर्वत्र सारखा नसतो. भारतीय मानकाप्रमाणें ४०० मिलिमीटर म्हणून सांगितलेला ब्लॉक प्रत्यक्षांत ३९० मिलिमीटर लांब असतो; राहिलेले १० मिलिमीटर सांध्यासाठीं सोडलेले असतात. इंचांत बोलावयाचें तर ब्लॉक १५⅝ इंच लांब व ७⅝ इंच उंच, आणि सांधा धरून १६ इंच व ८ इंच. गांवोगांवचे कारखानदार मात्र पुष्कळदां पुरता १६ इंचांचा ब्लॉक पाडतात, व त्यावर सांध्याची भर पडते. दिसावयास हा फरक क्षुल्लक. पण पंधरा थर चढतां चढतां दहा फुटांची भिंत साडेपांच इंचांहून अधिक वर जाते आणि चौकटीचा माथा थराशीं जुळत नाहीं. सांधा धरून १६ × ८ इंचांचा ब्लॉक असेल तर एका ब्रास क्षेत्रास, म्हणजे १०० चौरस फुटांस, ११२½ ब्लॉक लागतात. सांधा वेगळा पडत असेल तर १०५ पुरतात. म्हणून मागणी नोंदविण्यापूर्वीं कारखान्यावर जाऊन दहा ब्लॉक एका रेषेंत लावून टेप धरावा आणि एकूण लांबीस दहांनीं भागावें. एक-दोन ब्लॉक मोजण्यांत अर्थ नाहीं.

आतां आखणी. पुष्कळ लोक आधीं जागा पाहून भिंतीची लांबी ठरवितात व मग ब्लॉक तीत बसवितात. आमच्या मतें हा क्रम उलटा असावा. भिंतीची लांबी १६ इंचांच्या, निदान ८ इंचांच्या पटींत ठेवावी. उंची, दरवाजा व खिडक्या हींही ८ इंचांच्या पटींत ठेवावीं. असें केल्यानें तोडलेल्या ब्लॉकांचा ढीग पडत नाहीं, आणि मोजणी इतकी सोपी होते कीं ती थरांवर बोटें ठेवून करतां येते.

उदाहरणार्थ, धान्य व अवजारें ठेवण्याची कोठी घेऊं. बाहेरून लांबी ३२ फूट, रुंदी १६ फूट, भिंतीची जाडी ८ इंच, उंची १० फूट. बाहेरचा घेर ९६ फूट होतो. येथेंच पहिली चूक होण्याचा संभव असतो. ९६ फुटांस १६ इंचांनीं भागून ७२ ब्लॉक एका थरास धरले, तर चारही कोपरे दोनदां मोजले जातात. बाहेरच्या घेरांतून जाडीची चौपट वजा करावी : ९६ फुटांतून २ फूट ८ इंच गेले, राहिले ९३ फूट ४ इंच, म्हणजे ११२० इंच, त्यास १६ नें भागतां एका थरास बरोबर ७० ब्लॉक येतात. दोन ब्लॉकांचा फरक लहान वाटतो, पण पंधरा थरांत तो तीस ब्लॉकांचा होतो.

दहा फूट उंचीस ८ इंचांचे पंधरा थर येतात. त्यांपैकीं एक थर ब्लॉकचा न ठेवतां, दरवाजे-खिडक्यांच्या माथ्यावर चारही भिंतींवरून अखंड फिरणारा सळयांच्या काँक्रीटचा पट्टा घालावा. यास कांहीं लोक उधळपट्टी म्हणतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यांतील किल्लारी परिसरांत जीं घरें कोसळलीं, त्यांच्या भिंती दोन-दोन फूट जाड होत्या. पण त्या मातींत रचलेल्या दगडांच्या असून आंतली व बाहेरची बाजू एकमेकींस बांधलेली नव्हती, आणि चार भिंतींस एकत्र धरून ठेवणारें कांहींच नव्हतें. जाडीनें भिंत टिकत नाहीं, बांधून ठेवल्यानें टिकते. तेव्हां हा थर अंदाजांतून गाळूं नये.

तर ब्लॉकचे थर राहिले चौदा : चौदा गुणिले सत्तर, ९८० ब्लॉक. दरवाजा ४ फूट रुंद व ६ फूट ८ इंच उंच, म्हणजे तीन ब्लॉक रुंद व दहा थर उंच; ३० ब्लॉक वजा. दोन खिडक्या ४ × ४ फुटांच्या, प्रत्येकी तीन ब्लॉक व सहा थर; ३६ ब्लॉक वजा. राहिले ९१४. सांधमोड राखण्यासाठीं चौकटींच्या दोन्ही कडांस एकाआड एक थरांत अर्धा ब्लॉक बसवावा लागतो. या कोठींत असे २२ अर्धे ब्लॉक येतात. ते या आंकड्यांत आलेलेच आहेत, निराळे धरावयास नकोत; परंतु तोडतांना एक तुकडा नीट निघतो व दुसऱ्याचा चुरा होतो असें नेहमीं घडतें. ही तोडमोड व गाडी खालीं करतांनाची फूट मिळून शेंकडा पांच वाढवावे; म्हणजे ९६० ब्लॉक मागवावे. छपराच्या उतारासाठीं दोन टोकांस तिकोनी भिंत असेल तर रुंदीस चढाच्या उंचीनें गुणून निम्मे करावें : १६ फूट रुंद व ४ फूट चढ असतां एका टोकास ३२ चौरस फूट, म्हणजे ३६ ब्लॉक. तेथें प्रत्येक थर तिरपा तोडावा लागतो, म्हणून शेंकडा दहा घट धरावी.

पैसे वांचविण्यासाठीं ६ इंची ब्लॉक घ्यावा काय, असें पुष्कळ जण विचारतात. घ्यावयास हरकत नाहीं; पण ८ इंची जाडी ही १६ इंची लांबीच्या बरोबर निम्मी असल्यामुळें कोपऱ्यावर सांधमोड आपोआप साधते, ६ इंचींत ती साधत नाहीं व प्रत्येक कोपऱ्यावर तुकडा घालावा लागतो. ४ इंची ब्लॉकवर छपराचा भार कधींच देऊं नये. तो आंतल्या आडभिंतीपुरता ठीक.

सिमेंट-वाळूचा हिशेब अनेकांस गूढ वाटतो, पण तो असा आहे. सांध्यासह एका ब्लॉकची जागा १६ × ८ × ७⅝ इंच, म्हणजे ९७६ घन इंच. खुद्द ब्लॉक सुमारें ९०८ घन इंच. उरलेले ६८ घन इंच म्हणजे माल. ९१४ ब्लॉकांस तो ३६ घनफूट होतो. जाड-बारीक सांधे, खालीं सांडलेला व घमेल्यांत सुकलेला माल यांसाठीं चौथाई वाढवावी. ४५ घनफूट झाले. पाणी पडतांच कोरडें मिश्रण आक्रसतें, म्हणून कोरड्या सामानासाठीं शेंकडा तीस वाढवावे. सरळ ६० घनफूट धरावे. एक भाग सिमेंटास सहा भाग वाळू या प्रमाणानें सातवा हिस्सा, म्हणजे साडेआठ घनफूट सिमेंट व साडेएक्कावन्न घनफूट वाळू. पन्नास किलोच्या गोणींत सव्वा घनफुटाहून किंचित कमी सिमेंट भरतें; तेव्हां सात गोण्या सिमेंट व अर्धा ब्रास वाळू इतकेंच सामान या संपूर्ण कोठीच्या रचाईस पुरतें.

मग गवंडी पन्नास गोण्या कशाच्या सांगतो? येथें त्याच्यावर एकदम संशय घेऊं नये. सिमेंट खरें खातो तो गिलावा, पट्टा व पाया. आंतल्या बाजूचें क्षेत्र चौकटी वजा करून सुमारें ८५० चौरस फूट भरतें. त्यावर अर्धा इंच गिलावा, खांचखळग्यांस शेंकडा वीस व आक्रसण्यास शेंकडा तीस धरतां कोरडें सामान ५५ घनफूट, आणि एकास पांच या प्रमाणानें सिमेंटच्या साडेसात गोण्या व ४६ घनफूट वाळू. म्हणजे एका बाजूचा पातळ गिलावा हा साऱ्या रचाईपेक्षां अधिक सिमेंट घेतो! बाहेरून ९०० चौरस फुटांस पाऊण इंच जाड गिलावा केला तर बारा गोण्या व ७३ घनफूट वाळू. ज्यास हात आंखडता घ्यावयाचा असेल त्यानें भिंतीची जाडी किंवा पट्टा कमी करण्याऐवजीं आंतला गिलावा पुढील सालावर टाकावा आणि सांधे तेवढे नीट भरून घ्यावे. बाहेरचा, विशेषतः पावसाच्या झडीच्या बाजूचा गिलावा मात्र टाळूं नये. काँक्रीटचा ब्लॉक पाणी शोषतो व आंतलें धान्य ओल धरतें.

पट्टा ८ इंच रुंद व ८ इंच उंच धरल्यास ४१½ घनफूट काँक्रीट होतें. काँक्रीटच्या कोरड्या सामानास शेंकडा ५४ वाढवावे लागतात. एकास दीड व तीन या प्रमाणानें साडेनऊ गोण्या सिमेंट, साडेसतरा घनफूट वाळू व ३५ घनफूट खडी लागेल. सळया किती व केवढ्या हें अभियंत्यानें सांगावें. वजन मात्र आपण काढावें. सळईच्या जाडीचे मिलिमीटर त्यांनींच गुणून १६२ नें भागले कीं एका मीटरचें वजन किलोंत येतें. १० मिलिमीटरची सळई मीटरला ६१७ ग्रॅम भरते. अशा चार सळया साऱ्या घेरावर फिरविल्या, व जोडांसाठीं शेंकडा दहा वाढविले, तर १२५ मीटर, म्हणजे ७७ किलो होतात. आडव्या कड्या व बांधणीची तार याशिवाय.

पाया हा जमिनीवर अवलंबून असल्यानें त्याचा एकच आंकडा देतां येत नाहीं. आमच्याकडील काळी जमीन पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तींत मुरूम लागेपर्यंत खोदल्याशिवाय गत्यंतर नाहीं. फक्त तळचा काँक्रीटचा थर अडीच फूट रुंद व सहा इंच जाड धरला तरी ११७ घनफूट होतो, आणि एकास चार व आठ या प्रमाणानें त्यास साडेअकरा गोण्या, ५५ घनफूट वाळू व १११ घनफूट खडी लागते. वरचें दगडी जोतें निराळें.

या सर्वांची बेरीज सिमेंट साडेसत्तेचाळीस गोण्या, खडी दीड ब्रास व वाळू २४३ घनफूट होते. गवंड्याचा पन्नासाचा अंदाज इतका कांहीं वावगा नव्हता. पण आतां प्रत्येक गोणी कोठें जावयाची तें मालकास ठाऊक आहे, आणि रचाई चालूं असतां पंधरा गोण्या संपल्या तर त्यास कारण विचारतां येईल.

वाळूच्या आंकड्याविषयीं एक सावधगिरी हवी. दमट वाळू फुगते. थोड्याशा ओलीनेंही तिचें आकारमान शेंकडा वीस-पंचवीस, बारीक वाळूचें त्याहूनही अधिक वाढतें; पुरती पाण्यांत बुडविली तर ती पुन्हां मूळ मापावर येते. परीक्षा सोपी आहे. सरळ उभ्या कडांच्या डब्यांत गाडींतली वाळू न दाबतां कांठोकांठ भरावी, मग ती दुसरीकडे काढून डबा निम्मा पाण्यानें भरावा व वाळू हळूहळू परत सोडीत ढवळावी. वाळू कांठाखालीं जितकी बसेल तितकी ती फुगलेली होती. म्हणून २४३ घनफुटांस चौथाई वाढवून तीन ब्रास मागवावे. क्रश सँडलाही हाच नियम लागू आहे. ट्रॉली "ब्रासाची" म्हणून कोणी सांगितली तर तिची आंतली लांबी, रुंदी व भरलेली सरासरी खोली फुटांत मोजून गुणावी व शंभरानें भागावें. मधला ढिगाचा उंचवटा दाखवून कोपरे रिकामे ठेवण्याची रीत सर्वांस परिचित आहे.

मजुरी ब्रासावर ठरत असेल तर घेर बाहेरून धरावयाचा कीं मधून, आणि चौकटी वजा करावयाच्या कीं नाहीं, हें काम सुरू होण्यापूर्वीं कागदावर लिहून घ्यावें. चौकटीच्या कडा साधण्यास गवंड्यास वेळ लागतो, म्हणून त्या वजा करूं नयेत असें तो म्हणतो, व त्यांत तथ्य आहे. मात्र तसें असल्यास दर त्या मानानें ठरला पाहिजे.

ब्लॉक एकदम आणले तरी चालतात, किंबहुना आधींच आणावे. भरीव ८ इंची ब्लॉक सुमारें तीस किलोचा असतो; ९६० ब्लॉक म्हणजे जवळजवळ २९ टन, तेव्हां खेपा व उतरविण्याची जागा आधींच ठरवावी. कारखान्यावर पाणी मारून झाल्यावर ते कांहीं आठवडे सुकलेले असावे. ओले ब्लॉक भिंतींत आक्रसतात व सांध्यांस भेगा पडतात. विटांप्रमाणें त्यांस पाण्यांत भिजवूं नये, लावतांना वरवर ओलसर केले म्हणजे झालें. सिमेंट मात्र टप्प्याटप्प्यानें आणावें : पायास साडेअकरा गोण्या, रचाई व पट्ट्यास साडेसोळा, गिलाव्यास शेवटीं साडेएकोणीस. गोण्या फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, दहांहून अधिक उंच न रचतां ठेवाव्या, आणि जी आधीं आली ती आधीं वापरावी. तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची पांचवा हिस्सा तरी ताकद गेलेली असते. गोणींत हात घातल्यावर बोटांनीं न फुटणारे खडे लागले तर तें सिमेंट पट्ट्यास किंवा रचाईस वापरूं नये.