रुळांना लागणारी चाहूल

बेंगळुरूच्या क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा स्थानकातून गाडी सुटते आणि तिने सिग्नल ओलांडताच हिरवा दिवा लाल होतो. गाडीची ही चाहूल दिव्याला रूळच देतात. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकी संशोधकाने १८७२ साली या युक्तीचे पेटंट घेतले. तिला ‘ट्रॅक सर्किट’ म्हणतात.

रुळांचा ठरावीक लांबीचा तुकडा विद्युतरोधक सांध्यांनी शेजारच्या रुळांपासून अलग करतात. त्याच्या एका टोकाला बॅटरी आणि दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे विद्युतचुंबकावर चालणारी कळ, जोडलेली असते. मार्ग मोकळा असताना प्रवाह एका रुळातून रिलेपर्यंत जातो व दुसऱ्या रुळातून परततो. गाडी आली, की तिची चाके व आस दोन्ही रूळ जोडतात. प्रवाह ती सोपी वाट धरतो, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. तार तुटली वा बॅटरी संपली, तरीही तो लालच होतो.

कागदावर सोपी वाटणारी ही रचना खडीत मात्र अवघड होते. तिचे विद्युत प्रतिरूप मांडताना अभियंते रुळांचा अल्प रोध एकसर जोडणीत, तर खडी व स्लीपर यांतून होणारी गळती समांतर जोडणीत धरतात. पावसात ही गळती वाढते. भारतीय रेल्वेत एक किलोमीटर मार्गाच्या खडीचा रोध स्थानकाच्या आवारात किमान २ ओहम, तर दोन स्थानकांदरम्यान ४ ओहम असावा, असा दंडक आहे. ओल्या खडीतही मोकळ्या मार्गावर रिले उचललेला राहिला पाहिजे. त्यासाठी बॅटरीचा जोर वाढवावा, तर कडक उन्हाळ्यात, गळती नसताना, रिलेला इतका प्रवाह मिळेल की गाडी उभी असूनही तो पडणार नाही! ही चूक जीवघेणी. म्हणून दोन रुळांमध्ये ०.५ ओहमचा रोध जोडून रिले पडतो ना, हे तपासतात. क्वचित वापरातल्या, गंजलेल्या रुळांची धास्तीही याच कारणाने असते. गंजाचा थर चाक व रूळ यांच्या आड येतो.

उलट दिशेची चूक केवळ गैरसोयीची. मुंबईकरांना ती चांगली परिचित आहे. शीव-कुर्ल्याजवळ रूळ पाण्याखाली गेले, की पाणीच दोन्ही रूळ जोडते आणि गाडी नसतानाही सिग्नल लाल होतो. खोळंबलेल्या लोकलमधील प्रवाशांचा त्रागा रास्तच. पण त्या क्षणी यंत्रणा आपले कामच करीत असते.

अलीकडे अनेक ठिकाणी गाडीचे आस मोजणारे ‘अ‍ॅक्सल काउंटर’ बसवतात. खडीच्या ओलाव्याशी त्यांना कर्तव्य नसते. मात्र रूळ तुटला, तर ते त्यांना कळत नाही. ट्रॅक सर्किटला बहुधा कळते.