नकलेवर नोंदलेला पाऊस

धाराशिव जिल्ह्यात आठ तालुके आहेत. समजा, त्यांतील पर्जन्यमापकांच्या नोंदी ठेवणारी आज्ञावली तुम्हांला 'गो' या संगणकभाषेत लिहायची आहे. (ग्रीझमर, पाइक व टॉम्प्सन यांनी गूगलमध्ये तयार केलेली ही भाषा २००९ साली जाहीर झाली.) प्रत्येक मापकात तालुक्याचे नाव व एकूण पाऊस असेल. त्याला एक कृती द्यायची: 'भर घाल'. सकाळी ८.३० वाजता मोजलेला पाऊस तिने एकूणात मिळवायचा.

तुळजापूरला एके दिवशी १२ मिलिमीटर, दुसऱ्या दिवशी ८. बेरीज २० हवी; येते शून्य! कारण 'गो' कृतीच्या हाती मूळ वस्तू न देता तिची नक्कल देते. सातबाऱ्याच्या नकलेवर तुम्ही काहीही लिहा, तलाठ्याच्या दप्तरात अक्षर बदलत नाही. म्हणून कृतीला मूळ वस्तूचा पत्ता, म्हणजे पॉइंटर, द्यायचा. मग २० येतात.

आता काही मापक साधे, काही स्वयंचलित असतील. दोघांनाही एकच आज्ञा देता यावी यासाठी इंटरफेस असतो. त्याची अट एवढीच: ज्याला 'भर घाल' जमते, तो चालेल. पण त्या जागी मापक थेट ठेवला, तर कंपायलर हरकत घेतो. का बरे? इंटरफेसमध्ये थेट ठेवलेली वस्तू ही पुन्हा नक्कलच, आणि आपली कृती तर पत्त्यावर चालणारी. ही हरकत त्रासदायक वाटते खरी, पण ती नसती तर पाऊस मुकाट्याने हरवला असता. मापकाचा पत्ता ठेवा, काम होते.

येथे पुष्कळजण इंटरफेसचाच पॉइंटर करू पाहतात. त्याची गरज नसते. इंटरफेस म्हणजे दोन कप्प्यांची पेटी: एकात प्रकाराची खूण, दुसऱ्यात मालाकडे नेणारा पत्ता. पेटीच्या पत्त्याला 'भर घाल' ही कृती ठाऊकच नसते. दुसऱ्याच्या पेटीतला जुना मापक काढून नवा बसवायचा असेल, तरच तो पत्ता उपयोगी.

(जाता जाता: या भाषेत नावांमध्ये काना-मात्रा चालत नाहीत, तेव्हा 'मापक' रोमन लिपीतच लिहावे लागेल.)

आता करून पाहा. आठ मापक, पत्ते नव्हेत, एका यादीत ठेवा. 'रेंज'च्या फेऱ्यात एकेक चलात घेऊन त्या चलात ५ मिलिमीटरची भर घाला. यादीतील बेरीज ४० येते की शून्य?