तुझ्या आजीची दोन नावं

पुणे

चि. सोनूस,


तुरीनला शिकायला जायचं आणि त्याआधी आजीच्या नात्याने इटलीचं नागरिकत्व मिळवायचं असं तुझ्या मनात आहे, हे तुझ्या बाबाकडून कळलं. तो म्हणाला, "आत्या, आयुष्यभर वकिली केलीस, आता तूच तिला नीट सांग." हे फोनवर सांगण्यासारखं नाही. तारखा आहेत, कलमं आहेत. तुला दोनदा वाचता यावं म्हणून पत्र.

एक गोष्ट आधी मनात पक्की कर. इटली तुला नागरिकत्व देणार नाही. तिथल्या कायद्याने ते जन्माबरोबर आईबापांकडून येतं, सरकार ते फक्त मान्य करतं. म्हणून या अर्जात भाषेची परीक्षा नाही, उत्पन्नाचा दाखला नाही. आजीपासून बाबापर्यंत आणि बाबापासून तुझ्यापर्यंतची साखळी कुठे तुटली आहे का, एवढंच पाहतात.

ती तुटण्याच्या जागा दोन होत्या. पहिली बाबाच्या जन्माची. तो १९७१ साली पुण्यात जन्मला तेव्हा इटलीत १९१२चा कायदा चालू होता आणि त्यात नागरिकत्व साधारणपणे बापाकडूनच मिळे. इटालियन आई आणि भारतीय बाप यांचं मूल त्यांच्या लेखी परकं होतं. १९८३ साली इटलीच्या घटना न्यायालयाने हा भेद रद्द केला आणि त्याचा लाभ १ जानेवारी १९४८ पासून जन्मलेल्यांना मिळाला, कारण त्या दिवशी त्यांची राज्यघटना अमलात आली होती. दुसरी जागा लग्नाची. त्याच जुन्या कायद्यात परदेशी नवरा करणाऱ्या बाईला नवऱ्याचं नागरिकत्व लग्नाबरोबर आपोआप मिळत असेल, तर तिचं इटलीचं जाई. आपल्याकडे ते आपोआप मिळत नाही, नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. म्हणून १९६९ साली माझ्या भावाशी लग्न करूनही वहिनी इटालियनच राहिली.

मार्च २०२५ पर्यंत एवढं पुरलं असतं. पिढ्यांना मर्यादाच नव्हती. १८६१ साली इटलीचं राज्य झालं, त्यानंतर जिवंत असलेला एखादा इटालियन पूर्वज दाखवून अर्जेंटिना-ब्राझीलमधली माणसं चौथ्या-पाचव्या पिढीतही अर्ज करत. २८ मार्च २०२५ला सरकारने वटहुकूम काढला आणि मे महिन्यात त्याचा कायदा झाला. आता परदेशात जन्मलेल्या आणि दुसऱ्या देशाचं नागरिकत्व असलेल्या माणसाला ते सहसा तेव्हाच मिळतं, जेव्हा त्याच्या आईवडिलांपैकी किंवा आजीआजोबांपैकी कोणाकडे फक्त इटलीचंच नागरिकत्व असतं, किंवा मरतेवेळी होतं. पणजोबा आता चालत नाहीत. तुझ्या बाबाकडे भारताचं नागरिकत्व आहे, म्हणून या अटीला तोही चालत नाही. राहते फक्त आजी. मला हा कायदा अन्यायाचा वाटत नाही. ज्या देशाशी पत्राचाही संबंध उरला नाही, त्याचा पासपोर्ट केवळ सोयीसाठी घ्यावा हे मला कधीच पटलं नाही. तुझं तसं नाही. तू त्या बाईच्या मांडीवर वाढलीस.

तिची एक गोष्ट तुला ठाऊक नसेल. परदेशी नागरिक म्हणून तिला इथल्या पोलीस आयुक्तालयात नोंदणी करावी लागे आणि राहण्याची परवानगी वाढवून घ्यावी लागे. कितीतरी वेळा मी बरोबर गेले आहे. बाबा शाळेत जायला लागला तेव्हा मी तिला भारतीय नागरिकत्वाचा अर्ज आणून दिला. तिने तो नीट वाचला, घडी करून मला परत दिला आणि म्हणाली, "माझी आई अजून तिकडे आहे." मला राग आला होता. घर आपलं, मूल आपलं, आणि ही अजून पाहुणीच राहणार, असं मी तिला बोललेही. सत्तेचाळीस वर्षं ती या शहरात राहिली आणि २०१६ साली गेली ती इटालियन म्हणूनच. तो अर्ज तिने तेव्हा भरला असता, तर जुन्या कायद्याप्रमाणे तिचं इटलीचं नागरिकत्व गेलं असतं आणि आज तुला काहीच मागता आलं नसतं.

खरं काम आहे ते तिच्या नावाचं. लग्न नोंदणी कार्यालयात झालं, पण घरी आल्यावर माझ्या आईने रीतीप्रमाणे तांदळाच्या ताटात अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं. ते प्रेमाने केलं होतं आणि वहिनीलाही ते आवडलं. पुढे तेच नाव सगळीकडे लागलं. बाबाच्या जन्माच्या दाखल्यावर आईच्या रकान्यात ते नवं नाव आहे, पुढे नवऱ्याचं नाव आणि आपलं आडनाव. इटलीत बाई लग्नानंतरही कागदोपत्री माहेरचंच आडनाव लावते. तिच्या गावच्या, बिएल्लाच्या, नगरपालिकेच्या जन्मनोंदीत आणि तिच्या पासपोर्टवर ते माहेरचं नाव आहे. कागदांपुरतं पाहिलं तर बिएल्लाची ती मुलगी आणि तुझ्या बाबाची आई या दोन वेगळ्या बायका आहेत. त्या एकच आहेत हे तुला सिद्ध करायचं आहे.

नुसत्या प्रतिज्ञापत्रावर विसंबू नकोस. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९च्या कायद्यात चुकीची नोंद दुरुस्त करण्याची तरतूद आहे. महापालिकेत बाबानेच अर्ज करून आईचं मूळ नाव लावून घ्यावं, लग्नाचा दाखला जोडावा. दुरुस्त दाखला हाती आल्यावरच पुढचे खर्च कर. मग मंत्रालयातून प्रमाणन, परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का, इटालियन भाषांतर, आणि सगळं मुंबईच्या इटालियन वाणिज्य दूतावासात. सज्ञान माणसाच्या अर्जाला जानेवारी २०२५ पासून ६०० युरो लागतात. आजी भारतीय झालीच नव्हती याचा आपल्या सरकारचा लेखी दाखलाही मागवून ठेव. त्याला वेळ लागेल, म्हणून तो अर्ज सगळ्यात आधी टाक.

आता जे तुला आवडणार नाही ते. तुझ्या मैत्रिणीच्या ओळखीचा एजंट म्हणतो की दोन्ही पासपोर्ट ठेवता येतात, कोणाला कळत नाही. त्याच्या दारात पुन्हा जाऊ नकोस. आपल्या १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेणाऱ्याचं भारतीय नागरिकत्व संपतं, आणि परदेशी पासपोर्ट काढणं हाच त्याचा निर्णायक पुरावा धरतात. त्यानंतर भारतीय पासपोर्ट वापरणं गुन्हा आहे. तो परत करायचा आणि ओसीआय कार्डासाठी अर्ज करायचा. त्या कार्डावर तू हवी तितकी इथे राहशील, पण मत देता येणार नाही, सरकारी नोकरी मिळणार नाही, शेतजमीन विकत घेता येणार नाही. वारसाने आलेली ठेवता येते, तेव्हा वाईच्या सातबाऱ्याची काळजी करू नकोस. पण दोन वर्षांपूर्वी तू स्पर्धा परीक्षेचं बोलत होतीस. तो विचार मनात थोडाही उरला असेल, तर इथेच थांब.

साखळी बाबामधून जाते हेही विसरू नकोस. तुझ्या अर्जात तो जन्मापासून इटालियन ठरतो आणि त्याच्या इथल्या नागरिकत्वाचा प्रश्न त्यालाही पडेल. त्याला हे सगळं समजावून, त्याचा होकार घेऊनच पाऊल टाक. आणि पुढचं म्हणशील, तर तुझ्या मुलांना हे आपोआप मिळेल असं धरू नकोस. ती इटलीबाहेर जन्मली, तर त्याआधी तू नागरिक म्हणून तिथे सलग दोन वर्षं राहिलेली असायला हवीस.

शिकण्यासाठी यातलं काहीच लागत नाही. विद्यार्थी व्हिसावर जाता येतं. तिथल्या सरकारी विद्यापीठांत फी कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते आणि प्रांतांच्या शिष्यवृत्त्या परदेशी मुलांनाही मिळतात. माझं मत विचारशील तर आधी तशीच जा. दोन वर्षं तिथे राहा, भाषा शीक. परीक्षा नसली तरी शीक. शेवटच्या महिन्यांत वहिनी मराठी विसरत चालली होती आणि आपल्याच भाषेत काही काही विचारायची. आम्हा कोणालाच उत्तर देता आलं नाही. बिएल्ला तुरीनहून फार लांब नाही. तिचं घर, ती गिरणी जिथे तुझे आजोबा लोकरीच्या यंत्रांचं काम शिकायला गेले होते, ते सगळं पाहून ये आणि मग ठरव.

तोवर कागद मात्र जमव, ते थांबत नाहीत. वहिनीचे सगळे पासपोर्ट, पोलिसांकडच्या नोंदणीची वही आणि तिच्या आईची पत्रं माझ्या कपाटातल्या पत्र्याच्या पेटीत आहेत. ती पोस्टाने पाठवणार नाही. येत्या रविवारी बाबाला घेऊन ये आणि पेटी तुझ्या हाताने घेऊन जा.

तुझी,
आत्याआजी