यांकी स्टेडियम आणि भोवतालची वस्ती

मोठ्या शहरातील क्रीडागाराकडे येणारा प्रेक्षक हा एका विशिष्ट प्रकारचा प्रवासी असतो. तो ठरावीक वेळी, बहुधा संध्याकाळी, ठरावीक वाटेने येतो आणि खेळ संपताच त्याच वाटेने परततो. वाटेवरची वस्ती त्याला आगगाडीच्या किंवा मोटारीच्या खिडकीतून दिसते. तेथे त्याचे काही काम नसते, ओळखीचे कोणी राहत नसते. तरीही घरी पोहोचेपर्यंत त्या वस्तीविषयीचे त्याचे मत पक्के झालेले असते; आणि शहराच्या कारभारावर त्या मताचा परिणाम तेथील रहिवाशांच्या मतापेक्षा पुष्कळदा अधिक होतो. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स या विभागातील यांकी स्टेडियम आणि त्याच्या भोवतालचा प्रदेश हे याचे ठळक उदाहरण होय.

यांकीज हा बेसबॉलचा संघ प्रारंभी हार्लेम नदीच्या पलीकडे, मॅनहॅटनमधील पोलो ग्राउंड्स या मैदानावर दुसऱ्या एका संघाचा भाडेकरू म्हणून खेळत असे. स्वतःचे क्रीडागार बांधावयाचे ठरले तेव्हा नदीच्या अलीकडे, १६१व्या रस्त्यालगतची लाकडाच्या वखारीची जागा निवडण्यात आली. जागा स्वस्त होती आणि खांबांवरून जाणारी आगगाडी तिच्या कडेनेच धावत होती. १८ एप्रिल १९२३ रोजी स्टेडियमचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी बेब रूथ या विख्यात खेळाडूने चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावून नव्या मैदानावरील पहिली ‘होम रन’ नोंदविली.

त्या काळी येथे येणाऱ्या पाहुण्याला ही वस्ती भीतिदायक वाटण्याचे कारण नव्हते. क्रीडागारापासून थोडे चढून गेले की ग्रँड कॉन्कोर्स हा रुंद, वृक्षांच्या रांगांनी सुशोभित केलेला राजमार्ग लागे. १९०९ साली खुल्या झालेल्या या मार्गाच्या दुतर्फा पुढे पाच-सहा मजली प्रशस्त इमारती उभ्या राहिल्या. मॅनहॅटनच्या कोंदट चाळींतून वर आलेली ज्यू, आयरिश व इटालियन कुटुंबे तेथे राहावयास आली. कॉन्कोर्सवर बिऱ्हाड असणे ही प्रतिष्ठेची खूण मानली जाई. १९२३ सालीच सुरू झालेल्या कॉन्कोर्स प्लाझा हॉटेलात खेळाडू उतरत, लग्नसमारंभ होत आणि राजकीय मेजवान्याही झडत. पुढे याच हॉटेलात सरकारी साहाय्यावर जगणाऱ्या निराश्रित कुटुंबांना ठेवण्यात येऊ लागले. एका इमारतीच्या या स्थित्यंतरात साऱ्या परिसराची कथा सामावलेली आहे.

हे स्थित्यंतर एकाएकी झाले नाही आणि ते रहिवाशांच्या स्वभावदोषामुळे तर मुळीच झाले नाही. १९३०च्या दशकात गृहकर्जाची जोखीम ठरविण्यासाठी केंद्र सरकारच्या यंत्रणेने शहरांचे नकाशे तयार केले. जेथे जुनी घरे होती, जेथे कृष्णवर्णीय किंवा नवागत लोक राहत, अशा वस्त्या त्यांत तांबड्या रंगाने दर्शविल्या गेल्या. ब्राँक्सच्या दक्षिणेकडील अनेक वस्त्यांच्या वाट्याला हा तांबडा रंग आला. तांबडा रंग म्हणजे कर्ज नाही, आणि कर्ज नाही म्हणजे डागडुजी नाही. त्यानंतर १९४८ ते १९६३ या काळात रॉबर्ट मोझेस या सर्वाधिकारी नगररचनाकाराने क्रॉस-ब्राँक्स हा द्रुतमार्ग दाट वस्तीच्या मधोमध खणून काढला. ईस्ट ट्रेमाँट भागातील केवळ एका मैलाच्या पट्ट्यात सुमारे दीड हजार कुटुंबांना घरे सोडावी लागली. मार्ग थोडा बाजूने नेला असता तर यांतील बहुतेक घरे वाचली असती असे रहिवासी वारंवार सांगत होते. त्यांचे कोणी ऐकले नाही.

याच सुमारास मॅनहॅटनमधील जुन्या वस्त्या पाडण्यात येत होत्या, आणि तेथून उठविलेली गरीब कृष्णवर्णीय व पोर्टो रिकन कुटुंबे ब्राँक्समध्ये आसरा शोधू लागली. ती आली तेव्हा त्यांच्या उपजीविकेचे कारखाने शहर सोडून जात होते. १९६८ पासून विभागाच्या ईशान्य कोपऱ्यात को-ऑप सिटी ही पंधरा हजारांवर सदनिकांची प्रचंड वसाहत भरू लागली, आणि कॉन्कोर्सवरील मध्यमवर्ग तिकडे निघाला. मागे राहिलेल्या इमारतींच्या मालकांना भाड्यातून खर्च भागेना. त्यांनी प्रथम दुरुस्ती थांबविली, मग उष्णतेची यंत्रे बंद ठेवली, आणि अखेर कर भरणेही सोडून दिले. जुन्या विजेच्या तारांमुळे आणि हिवाळ्यात ऊब मिळावी म्हणून पेटविलेल्या शेगड्यांमुळे आगी लागत. काही आगी विम्याच्या रकमेसाठी मालकांनीच लावविल्या. नेमक्या याच काळात काटकसरीच्या नावाखाली अग्निशमन दलाची काही केंद्रे बंद करण्यात आली, आणि तीही जेथे आगी अधिक लागत अशाच भागांत. १९७५ साली न्यूयॉर्क महापालिका दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोहोचली. १९७० ते १९८० या दहा वर्षांत ब्राँक्समधील सात जनगणना-गटांतील ९७ टक्क्यांहून अधिक इमारती आगींनी व मालकांनी सोडून दिल्याने नष्ट झाल्या. संपूर्ण विभागाची लोकसंख्या १४ लाख ७१ हजारांवरून ११ लाख ६९ हजारांवर आली. तीन लाख माणसे दहा वर्षांत एखाद्या विभागातून नाहीशी व्हावीत, हे सहसा युद्धातच घडते.

आणि याच वर्षांत क्रीडागाराचे नूतनीकरण चालू होते. महापालिकेने १९७२ साली ते ताब्यात घेतले. प्रारंभी दोन कोटी चाळीस लाख डॉलर खर्चाचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो वाढत वाढत दहा कोटींच्या घरात गेला. १९७६ साली नवे रूप घेऊन स्टेडियम पुन्हा उघडले तेव्हा त्याच्या प्रखर दिव्यांचा उजेड जवळच्या अंधाऱ्या, खिडक्या नसलेल्या इमारतींवर पडत होता.

१२ ऑक्टोबर १९७७ची रात्र ब्राँक्सच्या इतिहासात नोंदली गेली आहे. अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम मालिकेतील दुसरा सामना चालू होता आणि कोट्यवधी लोक तो दूरचित्रवाणीवर पाहत होते. हेलिकॉप्टरमधील कॅमेऱ्याने क्रीडागारापासून थोड्या अंतरावरील एका रिकाम्या शाळा-इमारतीला लागलेली आग टिपली. ज्वाळा आणि मैदान ही एकाच पडद्यावर पुन्हा पुन्हा दिसू लागली. समालोचक हॉवर्ड कोसेल यांनी त्या वेळी ‘ब्राँक्स जळत आहे’ अशी घोषणा केली असे पुढे सर्वत्र सांगितले जाऊ लागले. सामन्याचे ध्वनिचित्रमुद्रण तपासले असता हे वाक्य त्या स्वरूपात त्यांनी उच्चारलेच नव्हते असे आढळून आले. आगीविषयी ते बोलले होते. परंतु ते गाजलेले वाक्य ऐकणाऱ्यांनी आणि सांगणाऱ्यांनी मागाहून घडविले. लाखो लोकांना न ऐकलेले वाक्य ऐकल्याचे आठवावे, याला केवळ स्मरणदोष म्हणून सोडून देता येणार नाही. मनात जे मत आधीच तयार होते त्याला शब्द हवे होते, आणि एका विश्वासू आवाजाच्या नावावर ते खपून गेले.

त्याच्या आठवडाभर आधी, ५ ऑक्टोबरला, राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी शार्लट स्ट्रीट या रस्त्यावरील भग्नावशेषांतून पायी फेरी मारली होती. तीही छायाचित्रे देशभर गेली. शार्लट स्ट्रीट यांकी स्टेडियमपासून सुमारे तीन किलोमीटर दूर आहे, पण दूरच्या वाचकाच्या मनात ते अंतर उरले नाही. ‘दक्षिण ब्राँक्स’ हे नाव पूर्वी मॉट हेव्हन, मेलरोझ अशा अगदी दक्षिणेकडील वस्त्यांपुरते होते. प्रत्येक आगीबरोबर ते उत्तरेकडे सरकत गेले आणि अखेर क्रॉस-ब्राँक्स द्रुतमार्गाच्याही पलीकडे पोहोचले. नाव पोहोचले की बँक मागे सरे, विमा महाग होई आणि दुकानदार फळ्या ओढून घेई. भूगोलाचे नाव अशा रीतीने संसर्गासारखे पसरल्याची उदाहरणे नगरांच्या इतिहासात फार नसावीत.

पाहुण्यांची रीघ त्यानंतर चालूच राहिली. १९७९च्या ऑक्टोबरात पोप दुसरे जॉन पॉल यांनी स्टेडियममध्ये प्रार्थनासभा घेतली आणि दक्षिण ब्राँक्सच्या रस्त्यावरही ते थांबले. १९८०च्या निवडणूक-प्रचारात रोनाल्ड रेगन शार्लट स्ट्रीटवर उभे राहून आपल्या प्रतिस्पर्ध्याने दिलेली आश्वासने फोल ठरल्याचे सांगून गेले. भारतीय वाचकांस एक गोष्ट विशेष वाटेल. कलकत्त्यात स्थापन झालेल्या मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटी या संस्थेने १९७१ सालीच दक्षिण ब्राँक्समध्ये आपले केंद्र उघडले होते. दरिद्री देशातून श्रीमंत देशाकडे गेलेली ही मदत होती. त्या भगिनी मात्र पाहून परतणाऱ्यांपैकी नव्हत्या. त्या तेथेच राहिल्या.

चित्रपट आणि कादंबऱ्यांनीही आपला वाटा उचलला. सिम्प्सन स्ट्रीटवरील ४१व्या पोलीस ठाण्याला ‘फोर्ट अपाचे’ म्हणजे शत्रुप्रदेशातील किल्ला असे टोपणनाव पडले होते. १९८१ साली त्याच नावाचा चित्रपट निघाला तेव्हा रहिवाशांनी समिती स्थापून चित्रीकरण चालू असतानाच निदर्शने केली. या चित्रात आमच्यापैकी काम करणारा, घर सांभाळणारा माणूस कोठे आहे, असा त्यांचा प्रश्न होता. गंमत अशी की, चित्रपट पडद्यावर येईपर्यंत त्या ठाण्याभोवतीची वस्तीच इतकी ओसाड झाली होती की पोलिसांनी टोपणनाव बदलून ‘माळरानावरचे छोटे घर’ असे केले होते. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या टॉम वुल्फ यांच्या ‘द बॉनफायर ऑफ द व्हॅनिटीज’ या कादंबरीत वाट चुकून ब्राँक्समध्ये शिरलेल्या धनिकाची गाडी हेच साऱ्या अनर्थाचे मूळ आहे. आणि क्रीडागारानजीकच्या न्यायालयातील सरकारी वकील दुपारच्या जेवणासाठीसुद्धा बाहेर पडावयास धजत नाहीत.

परंतु पाहुण्याची नजर किती बलवान असते याचा सर्वांत बोलका पुरावा महापालिकेनेच १९८३ साली दिला. क्रॉस-ब्राँक्स द्रुतमार्गावरून दिसणाऱ्या ओसाड इमारतींच्या खिडक्यांवर तिने रंगीत चित्रे चिकटविली. त्यांत पडदे होते, झडपा होत्या, फुलझाडांच्या कुंड्या होत्या. वेगाने जाणाऱ्या मोटारीतून पाहणाऱ्यास घरात माणसे राहत असल्याचा भास व्हावा, हा हेतू. शेजारच्या इमारतीत खरोखर राहणाऱ्या, नळाला पाणी यावे म्हणून धडपडणाऱ्या कुटुंबांना या कुंड्या पाहून काय वाटले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. पाहुण्यांची भीती निराधार होती असे मुळीच नाही. लुटालूट, अमली पदार्थांचा व्यापार आणि खून या भागात खरोखरच भयावह प्रमाणात होत होते. मात्र त्यांची झळ मुख्यतः रहिवाशांना बसे. प्रेक्षक एका संध्याकाळपुरता पाकीट सांभाळून चाले; रहिवाशाला त्याच जिन्याने दररोज चढावे लागे. शिवाय प्रेक्षकाला जे दिसत नव्हते तेही तेथे होते. ११ ऑगस्ट १९७३ रोजी स्टेडियमपासून सुमारे दोन किलोमीटरवरील सेजविक अॅव्हेन्यू येथील १५२० क्रमांकाच्या इमारतीत कूल हर्क या तरुणाने तबकड्या वाजवून एक लहानसा समारंभ साजरा केला. पुढे जगभर पसरलेल्या हिप-हॉप संगीताचा आरंभ तेथे झाला असे मानतात. १९७७ साली केली स्ट्रीटवरील रहिवाशांनी पाडण्यासाठी नेमून ठेवलेल्या इमारती स्वतः दुरुस्त करावयास घेतल्या. रस्त्याच्या वाकड्या आकारावरून त्यांनी संस्थेचे नाव ‘बनाना केली’ ठेवले. जागा सोडू नका, सुधारा, हे त्यांचे ब्रीद होते. दूरचित्रवाणीवरील ती आग आणि हे काम एकाच वर्षातील आहे. परंतु कॅमेरा दुसऱ्या दृश्याकडे वळला नाही.

१९८३ नंतर शार्लट स्ट्रीटच्या ओसाड जागेवर सुमारे नव्वद बैठी घरे उभी राहिली. महानगराच्या मध्यभागी अंगणे असलेली ही घरे टीकाकारांना विचित्र वाटली. मालकी मिळालेल्यांना तसे वाटले नाही. १९८६ साली महापौर एड कॉच यांनी घरबांधणीची दहा वर्षांची विशाल योजना जाहीर केली. ताब्यात आलेल्या ओसाड इमारती स्थानिक संस्थांच्या हातून पुन्हा राहण्याजोग्या झाल्या. २०२०च्या जनगणनेत ब्राँक्सची लोकसंख्या १४ लाख ७२ हजारांवर पोहोचली. पन्नास वर्षांनी १९७०चा आकडा परत आला.

क्रीडासंघाचे चालक मात्र या बदलाची दखल घेण्यास फार उत्सुक नव्हते. परिसराच्या धास्तीने प्रेक्षक येत नाहीत, म्हणून क्रीडागार मॅनहॅटनला न्यावे, असा आग्रह १९९०च्या दशकात वारंवार धरण्यात आला. १९९४ साली संघाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने वस्तीतील मुलांविषयी अपमानास्पद उद्गार काढले व त्याला पद सोडावे लागले. प्रेक्षकसंख्येचे आकडे काही निराळेच सांगतात. १९७२ साली संघाचा खेळ सुमार होता आणि वर्षभरात दहा लाखही प्रेक्षक आले नाहीत. २००५ साली, त्याच जागी, त्याच जुन्या क्रीडागारात, चाळीस लाखांहून अधिक आले. मधल्या काळात शहरातील गुन्हे झपाट्याने घटले होते हे खरे; पण संघ जिंकू लागला होता हेही तितकेच खरे आहे.

अखेर २००९ साली नवे स्टेडियम रस्त्याच्या पलीकडे, वस्तीच्या वापरातील सार्वजनिक उद्यानांच्या जागेवर बांधण्यात आले. त्याच वर्षी शेजारी उपनगरी रेल्वेचे स्थानक सुरू झाले. बदली मैदान म्हणून जुन्या क्रीडागाराची जागा मुलांना मिळेपर्यंत २०१२ साल उजाडले. पाहुण्यांसाठी मात्र २३ कोटी ७० लाख डॉलरचे रोखे काढून प्रचंड मोटारतळ बांधण्यात आले होते. प्रेक्षक आपल्या मोटारीतून थेट इमारतीत शिरतील आणि वस्तीतून पायी चालण्याची वेळ त्यांच्यावर येणार नाही, असा हिशेब होता. प्रत्यक्षात बहुसंख्य लोक रेल्वेने येऊ लागले आणि १६१व्या रस्त्यावरील दुकानांसमोरून चालत स्टेडियमकडे जाऊ लागले. मोटारतळाचे मजले रिकामे राहिले, आणि ते चालविणाऱ्या संस्थेला रोख्यांचे हप्ते फेडता आले नाहीत.