जहाजाचे सुकाणू आणि पाण्याचे बुडबुडे

भारताचा परदेशांशी होणारा बहुतांश मालव्यापार समुद्रमार्गे चालतो. जवाहरलाल नेहरू बंदरात येणाऱ्या अवाढव्य कंटेनरवाहू जहाजांना दिशा देण्याचे काम सुकाणू करते. वेगवान जहाजांच्या या पोलादी सुकाणूंवर कालांतराने खड्डे पडतात. त्याला केवळ गंज कारणीभूत नसतो. पाण्यातील क्षणजीवी बुडबुडेही पोलाद पोखरतात.

बुडबुडे कसे निर्माण होतात?

पाण्यावरील दाब पुरेसा घटला, तर ते न तापवताही त्याची वाफ होते. २० अंश सेल्सिअस तापमानास वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २ टक्के दाब उरला की ही अवस्था येते. सुकाणूच्या वळणदार पृष्ठभागावरून पाणी वेगाने वाहते, तेथे दाब घटून वाफेचे बुडबुडे तयार होतात. अधिक दाबाच्या जागी जाताच ते एकाएकी मिटतात व धातूवर सूक्ष्म, पण तीव्र आघात होतात. या क्रियेस 'कॅव्हिटेशन' म्हणतात. असा बुडबुडा मिटताना उत्पन्न होणाऱ्या दाबाचे गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली मांडले.

सुकाणू मळसूत्री पंख्याच्या मागे असते. पंखा पाणी मागे लोटतो, तसेच ते फिरवतोही. त्यामुळे सुकाणू सरळ धरले, तरी पंख्याच्या आसाच्या वर पाणी एका बाजूने आणि आसाखाली विरुद्ध बाजूने तिरपे येते.

उपाययोजना

यावर प्रभावी उपाय म्हणजे पिळदार सुकाणू. त्याची पुढील कड आसाच्या वर एका बाजूस व खाली दुसऱ्या बाजूस किंचित वळवलेली असते. त्यामुळे पाणी सरळ सामोरे येते आणि दाब एकदम घटत नाही. काही सुकाणूंच्या स्थिर व फिरत्या भागांमध्ये फट असते. तेथे कडा गोलाकार ठेवणे हितावह ठरते. वेल्डिंगचे उंचवटेही घासून सपाट करावे लागतात. स्टेनलेस स्टीलचा पत्रा बसविल्याने झीज लांबते. मूळ कारण मात्र कायम राहते. वेगमर्यादाही उपयुक्त आहे. वेग २४ नॉटवरून १८ नॉटवर आणल्यास, वेगाच्या वर्गानुसार बदलणारी दाबातील घट सुमारे ४४ टक्क्यांनी कमी होते.

गावच्या पाणीपुरवठा योजनेतील पंपातही हीच क्रिया घडू शकते. पंपातून खडे खडखडल्यासारखा आवाज आल्यास पाणी ओढणारी नळी व तिची जाळी तुंबली आहे काय, हे प्रथम तपासावे. धातू बदलण्यापूर्वी पाण्याची वाट सुकर करणे, हेच दोन्हीकडील सूत्र आहे.