छिन्नमनस्कता, स्मृती आणि मेंदूचे चित्रण

मुलाला छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, असल्याचे निदान झालेले असताना त्याच्या मेंदूचा एम.आर.आय. निर्दोष आला, तर आजार नाहीच असे मानून औषधे बंद करावीत काय, अशी पृच्छा पालकांकडून वारंवार होते; तिला माझे निःसंदिग्ध उत्तर ‘नाही’ असे आहे.

१९७६ साली लंडनमधील नॉर्थविक पार्क रुग्णालयात ईव्ह जॉन्स्टन, टिमथी क्रो व त्यांच्या सहकाऱ्यांनी सी.टी. स्कॅनच्या साहाय्याने दाखवून दिले, की दीर्घकाळ आजारी असलेल्या रुग्णांच्या मेंदूतील द्रवयुक्त पोकळ्या निरोगी माणसांच्या मानाने विस्तारलेल्या असतात. पुढे २०१६ साली २०२८ रुग्ण व २५४० निरोगी व्यक्ती यांची एम.आर.आय. चित्रे एकत्र तपासली गेली, तेव्हा मेंदूच्या अंतर्भागातील ज्या केंद्रांचा आकार घटलेला आढळला, त्यांत नव्या आठवणी घडविणारा हिप्पोकॅम्पस अग्रस्थानी होता. परंतु हा फरक सरासरीचा आहे. कित्येक रुग्णांचा हिप्पोकॅम्पस निरोगी माणसाएवढाच भरतो, आणि म्हणून केवळ चित्रावरून या विकाराचा निर्णय देता येत नाही. डॉक्टर स्कॅन सांगतात तो गाठ, इजा यांसारखी अन्य कारणे नाहीत ना, याची खातरजमा करण्यासाठी.

या संशोधनाचा खरा उपयोग घरात आहे. स्टेफान हेकर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली पेट स्कॅनद्वारा दाखविले, की शिकलेले शब्द आठवताना निरोगी माणसाचा हिप्पोकॅम्पस जसा कार्यप्रवृत्त होतो, तसा रुग्णाचा होत नाही. तेव्हा सकाळी सांगितलेले काम जो दुपारी विसरतो, त्याला आळशी किंवा हट्टी ठरवून बोल लावणे हा त्याच्यावर उघड अन्याय होय. प्रचलित औषधांनी भास व संशय आटोक्यात येतात, पण स्मरणाची अडचण पुष्कळदा मागे उरते. ती कुटुंबाने सांभाळून घ्यावयाची असते.

यास्तव एका वेळी एकच सूचना द्यावी, ती कागदावर लिहून ठेवावी, गोळ्यांसाठी वारांचे कप्पे असलेली डबी वापरावी, रोजचा क्रम शक्यतो बदलू नये आणि नियमित चालण्याचा व्यायाम घडवावा. डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून औषधात फेरफार करू नये. झोप उडाली, संशय बळावला किंवा कानी आवाज येऊ लागले, तर दिरंगाई न करता त्यांना गाठावे. तातडीच्या मार्गदर्शनासाठी शासनाची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. तिचा उपयोग निःसंकोच करावा.