तणापासून द्रवखत : वर्षावासातील एक धडा

वर्षावासाचा काळ आणि तणाचा काळ एकच. पावसाळ्यात उगवलेले कोवळे गवत व त्यातील सूक्ष्म जीव पायांखाली तुडवले जाऊ नयेत, हे भिक्खूंच्या एका जागी राहण्यामागील एक कारण विनयात सांगितले आहे. याच दिवसांत वसईच्या वाड्यांत केळीच्या बुंध्याशी, मोगऱ्याच्या वाफ्यात, बावखलांच्या काठी टाकळा, केना, कुर्डू माजतात. ते उपटून बांधावर फेकले की जमिनीने त्यांना दिलेले अन्नही वाया जाते. ते परत कसे मिळवावे, हे आम्ही विद्यार्थ्यांसह परसबागेत शिकलो. तो धडा येथे मांडीत आहोत.

कृती : तण फुलोऱ्यापूर्वी उपटावे, बी धरलेले घेऊ नये, अन्यथा तेच पुन्हा वाफ्यात उगवते. मुळांची माती झटकून बोटभर तुकडे करावेत. २० लिटरच्या बादलीत ३ किलो तण व १५ लिटर पाणी घ्यावे. मूठभर शेण आणि थोडा गूळ घातल्यास कुजण्यास वेग येतो. तण तरंगू नये म्हणून वर दगड ठेवावा. तोंड सुती कापडाने घट्ट बांधावे आणि रोज एकदा काठीने ढवळून पुन्हा बांधावे. ढवळल्याने हवा मिसळते व दुर्गंध कमी होतो. दोन ते तीन आठवड्यांत पाणी तपकिरी होते. ते गाळून १ भाग द्रवात १० भाग पाणी मिसळावे व पंधरवड्यातून एकदा, सायंकाळी, झाडाच्या मुळाशी द्यावे. चोथा कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावा.

कार्यकारण : जिवाणू पाने कुजवितात तेव्हा त्यांतील नत्र व पालाश पाण्यात उतरतात. पालाश सहज विरघळते. स्फुरद त्या मानाने कमी मिळते. म्हणून हे द्रवखत शेणखताची जागा घेत नाही, त्याला जोड देते.

आमच्या चुका : पहिल्या वर्षी उतावीळपणे पाणी न मिसळता दिलेल्या द्रवाने वांग्याची रोपे करपली. त्याहून गंभीर चूक दुसरी. एका बादलीचे कापड सैल राहिले आणि आठवड्यात तीत डासांच्या अळ्या दिसल्या. मुलांच्या निजण्याच्या खोल्या जवळच होत्या. खत करताना रोग पोसला जाऊ नये, म्हणून तेव्हापासून कापडाची गाठ तपासण्याचे काम रोज एका विद्यार्थ्याकडे असते.

पथ्ये : सांडपाण्याच्या नाल्यातील जलपर्णी जड धातू शोषून घेते, ती खाद्यपिकांसाठी वापरू नये. तणनाशक फवारलेले व रोगट तणही टाळावे. गाजर गवताने त्वचेला खाज सुटते. त्याला उघड्या हाताने शिवू नये. हरळीची मुळे व लव्हाळ्याच्या गाठी आधी उन्हात कडक वाळवाव्यात. द्रव पालेभाजीच्या पानांवर शिंपडू नये व काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

आज वाड्या आकसत आहेत. आमचे अनेक माजी विद्यार्थी विरार-नालासोपाऱ्याच्या इमारतींत राहतात. त्यांच्या सज्जातील तुळस आणि मिरचीसाठी झाकणाचा एक लहान डबाही पुरेसा आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत अशा चार बादल्या सहज तयार होतात. पालकांनी यंदा मुलांसह निदान एक भरून पाहावी. निरुपयोगी म्हणून जे फेकले जाते त्याकडे पुन्हा एकदा नीट पाहावे, ही सवय मुलांच्या अंगी बाणली तर हा धडा सफल झाला, असे आम्ही मानू.